कुंपणाच्या कुठल्या बाजूला

हार्लन वेल्स, टेक्सस
२३ एप्रिल १९८४

प्रिय ताई,

पार्सल मिळालं. मोजे बरोबर बसले. तुरुंगात पाय वाढत नाहीत, एवढं एक बरं आहे.

काम चालू आहे. पशुखाद्याच्या गिरणीत पोती उचलतो आणि संध्याकाळी भुशानं माखून घरी येतो. दर सोमवारी श्री. अरेडोंडोंकडे हजेरी असते. पॅरोलचे अधिकारी ते. सज्जन माणूस, पण पेन्सिलीला टोक काढत बोलतात, त्यामुळे माझं अर्धं लक्ष त्या सुरीकडे असतं. दर वेळी तेच वाचून दाखवतात. दारू प्यायची नाही, दारू विकतात त्या जागेत पाऊल ठेवायचं नाही, न विचारता जिल्हा सोडायचा नाही. यातलं एक जरी मोडलं तरी उरलेली तीन वर्षं पुन्हा आत.

आता एक सांगतो, रागावू नकोस. गावाबाहेर क्रॅमर हॉल आहे. जर्मन लोकांनी बांधलेलं जुनं लाकडी नाचघर. रविवारी चर्च आणि जेवण आटोपलं की तिथे बँड वाजतो. उकाडा सुरू झाला की चारी बाजूंच्या झडपा वर उचलून काठीनं टेकवून ठेवतात, मग भिंत म्हणून काही उरतच नाही. मी बाहेर ओकच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसतो. मंच अगदी नाकासमोर येतो. हातात रूट बिअर, म्हणजे लहान पोरं पितात ते गोड पाणी. पाऊल आत टाकत नाही.

आधी तिघं पोरं वाजवतात. केसांना इतकं तेल की माशी बसली तर घसरेल. त्यातला एक माणसाएवढ्या उभ्या बास नावाच्या वाद्याच्या तारा ओढून सोडतो, त्या लाकडावर फटाफट आपटतात, आणि तो ठोका माझ्या खुर्चीच्या पायांतून वर येतो. मग हॉयट स्ट्रिकलंडची मंडळी. हॉयट काळी टोपी घालून तुरुंगाची गाणी अशी म्हणतो, जणू त्याचा जन्म तिथेच गेला. दारावरची एअरलीन सांगते की तो एकच रात्र आत होता, दिवे नसलेली गाडी चालवली म्हणून. लोक बाटल्या उंचावून ओरडतात आणि मी बाहेर एकटाच हसत असतो.

प्रवेशाचे पैसे मी देतो. एअरलीन घ्यायला तयार नव्हती. म्हणाली, तुम्ही आत येतच नाही तर पैसे कसले. मी म्हटलं, वाजवणाऱ्याचं पोट ऐकणाऱ्यावर असतं, फुकट ऐकणं ही चोरीच. तिनं माझं मनगट धरून पैसे भरल्याचा शिक्का मारला. जांभळ्या शाईतला बूट. आठ वर्षांत माझ्या हाताला कुणी इतक्या सहज हात लावला नव्हता.

तुझा,
रॉइस

बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया
२ मे १९८४

प्रिय रॉइस,

तुझं पत्र आलं त्या दिवशी घास घशाखाली उतरला नाही. डेलनं विचारलं काय झालं, तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. नवऱ्याशी खोटं बोलायला लावलंस.

तुला मी काय वेगळं सांगू? अशाच एका जागी, अशाच एका बँडसमोर, तू बाटली उचललीस. ती लागून एका माणसाचा डोळा गेला. तुझी आठ वर्षं गेली, आणि आई तुझी वाट बघत गेली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. तू मात्र पुन्हा दुधाच्या पातेल्यापाशी खुर्ची टाकून बसलास.

मीही काही दगड नाही रे. इथल्या बोलिंगच्या हॉलशेजारी एक बार आहे, त्यात शुक्रवारी एक म्हातारा स्टील गिटार वाजवतो. दिवसभर लोकांचे कपडे शिवून पाठीचा कणा मोडलेला असतो, पण त्याची पहिली तार वाजली की मी सरळ होते. तुला काय हवंय ते मला कळतं. कळतं म्हणूनच भीती वाटते. घरातला रेडिओ काय वाईट आहे? आत असताना त्याच्यावरच तर काढलेस ना दिवस?

तो शिक्का घासून काढ. आणि मला लिहून दे की तू पुन्हा जाणार नाहीस. शब्दांत लिही, हसण्यावारी नेऊ नकोस.

आणि ही एअरलीन कोण? विवाहित आहे का?

तुझी,
ताई

हार्लन वेल्स
१५ मे १९८४

प्रिय ताई,

शिक्का घासला. साबणानं घासला, मग गिरणीतल्या रॉकेलनं घासला. कातडी गेली, बूट राहिला. एअरलीन म्हणते, पोरं थुंकीनं पुसून तो एकमेकांच्या हातावर उठवतात, म्हणून तिनं मुद्दाम न जाणारी शाई आणली. सोमवारी मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून गेलो. बाहेर एवढा उकाडा, त्यामुळे अरेडोंडोंनी आधी शर्टाकडेच पाहिलं. सही करताना बाही वर सरकली. त्यांनी शिक्का पाहिला. पेन्सिलीला टोक काढून झाल्यावर एवढंच विचारलं, "रविवारी काय करता?" मी म्हटलं, गाणी ऐकतो. ते म्हणाले, गाणी चांगली असतात, आणि पुढच्या सोमवारी या म्हणाले. तेव्हापासून गिरणीच्या फाटकाशी गाडी थांबली की माझ्या हातातलं पोतं निसटतं.

तू रेडिओचं विचारलंस. आत आठ वर्षं मी गाणी ऐकली, ताई, पण गाणं होताना पाहिलं नाही. रेडिओतला माणूस चुकत नाही. त्याला घाम येत नाही. ढोलवाल्याकडे बघून तो डोळे मिचकावत नाही. बरं वाजलं तर ते माझ्यामुळे आहे की काय, असं रेडिओपुढे बसून कधी वाटत नाही. समोर बसलं की वाटतं. खोटं असेल, पण वाटतं.

असो. तुला हवं ते लिहून देतो. मी पुन्हा क्रॅमर हॉलला जाणार नाही. शपथ.

तिकडे बरं चाललंय असं ऐकतो. बासवाल्या पोराची बोटं फुटली म्हणून तो आता लाल चिकटपट्टी लावून वाजवतो, आणि हॉयटनं परवा एक हळू गाणं म्हटलं तेव्हा म्हातारी जोडपी एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून नाचत होती.

एअरलीन विधवा आहे. आणखी काही विचारू नकोस.

तुझा,
रॉइस

बेकर्सफील्ड
४ जून १९८४

प्रिय रॉइस,

ऐकतो म्हणे. चिकटपट्टी लाल होती हे कुणी ऐकतं का? शपथेची शाई वाळायच्या आत तू तिथे जाऊन आलास आणि वर मलाच वर्णन पाठवलंस. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ती म्हण लोकांनी तुला बघूनच केली असणार.

मी रागावलेली नाही. आता रागवायचं तोंड मला उरलं नाही. पुढचं नीट वाच.

तुझं पत्र आल्यापासून मला एकच दिसत होतं. अरेडोंडोंनी शिक्का पाहिलाय, त्यांना वाटतंय तू आत बसून पितोस, आणि ते कधीही तुला उचलतील. तू तर स्वतःहून काही सांगणार नाहीस. तुझा स्वभावच तसा. मग मी काय केलं, तर गुरुवारी डेल कामावर गेल्यावर त्यांच्या कचेरीत फोन लावला. मी रॉइस टिडवेलची थोरली बहीण, असं सांगितलं. म्हटलं, साहेब, तो थेंबभर पीत नाही. आत पाऊल टाकत नाही. दर रविवारी बाहेर अंगणात झाडाखाली बसतो आणि गोड पाणी पितो. शिक्का त्या बाईनं प्रेमानं मारला. तुम्हीच सांगा, यात गुन्हा कुठे आहे?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, समजलं त्यांना. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, ते झाड कुंपणाच्या कुठल्या बाजूला आहे?"

मी म्हटलं, कसलं कुंपण?

ते म्हणाले, आभारी आहे, आणि फोन ठेवला.

रॉइस, तिथे कुंपण आहे का? असेल तर ते कशाचं आहे? तू कधीच कुंपणाबद्दल लिहिलं नाहीस. त्या दिवसापासून मी शिलाईला बसते आणि त्याच त्या शिवणीवरून पुन्हा सुई फिरवते. मी काहीतरी चुकीचं केलंय, आणि काय ते मला कळत नाही. पत्र मिळाल्याबरोबर उत्तर लिही.

तुझी,
ताई

क्रॅमर हॉल, हार्लन वेल्स
१८ जून १९८४

लव्हॉनबाई,

तुम्ही मला ओळखत नाही. मी एअरलीन मॅकब्रूम, दारावरची. शिक्का मीच मारला.

रॉइसला मागच्या सोमवारी हजेरीच्या वेळीच धरलं. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगात आहे. तब्येत बरी आहे, जेवतो. तुमचं पत्र त्याच्या खोलीवर न उघडलेलं सापडलं, म्हणून पत्ता मिळाला. मी ते उघडलं नाही, त्याच्याकडे पोचतं केलं. त्यानं ते वाचलं. म्हणाला, तिला तूच लिही, मला जमणार नाही.

तुम्ही विचारलंत ते त्यानं सांगितलं. कुंपण आहे. आमच्याकडे लोक बिअर घेऊन अंगणात फिरतात, म्हणून दारूचा परवाना भिंतीपुरता नाही, कुंपणापर्यंत आहे. कायद्याच्या नजरेत ते झाडही हॉलच. तुमचा भाऊ दर रविवारी भर बारमध्येच बसला होता म्हणा. कुंपणच शेत खातं असं म्हणतात, पण आमचं कुंपण माणूस खाऊन बसलं.

गेल्या शनिवारी आमची नेहमीची मंडळी जमली. सगळे सत्तरीचे. कुणाला गुडघे नाहीत, कुणाला कान नाहीत. त्यांनी खांब उपटले, तारा ओढल्या आणि कुंपण अलीकडे घेऊन पुन्हा ठोकलं. झाड आता बाहेर आहे. खड्डे बुजवून वर गवत दाबून बसवलं. सुनावणी अठ्ठावीस तारखेला आहे. मला साक्षीला बोलावलंय. झाड पहिल्यापासून बाहेरच होतं, असं मी शपथेवर सांगणार आहे. पकडले गेले तर हॉलचा परवाना जाईल आणि माझंही काही खरं नाही. पण मी ठरवलंय.

हॉयटलाही यायचं होतं. मी म्हटलं, ये, पण ती काळी टोपी घरी ठेव. तुला बघून ते रॉइसला दुप्पट शिक्षा देतील. बिचारा खरंच हिरमुसला. खरा तुरुंगात जाणारा माणूस ओळखीचा निघाल्यापासून तो गाताना खाली मान घालतो.

तुम्ही स्वतःला बोल लावत असाल, म्हणून एक सांगते. तुम्ही वाईट हेतूनं काही केलं नाही. पण यापुढे कृपा करून कुणालाही फोन करू नका.

एअरलीन मॅकब्रूम

बेकर्सफील्ड
२२ जून १९८४

प्रिय रॉइस,

ही पत्रं तिथे उघडून वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून जपून लिहिते.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी तुला सोडवायला गेले आणि बेडी घालून आले. डेल म्हणतो, तुला काय माहीत होतं? हेच तर. माहीत नव्हतं तर तोंड का उघडलं? आईनं जाताना माझा हात धरून सांगितलं होतं की त्याच्याकडे बघ. मी बघितलं ते हे असं.

मी यायला निघाले होते. डेलनं थांबवलं. म्हणाला, तिथे जाऊन तू आणखी काहीतरी बोलशील. रडू आलं, पण त्याचं बरोबर होतं.

तुझ्यापाशी एकच मागणं आहे. अठ्ठावीस तारखेला तू गप्प बस. लहानपणी तू खरं बोलून मार खायचास आणि मी खोटं बोलून वाचायचे, ते आठव. तुझ्या बाजूनं जे कुणी जे काही सांगेल, त्याला नुसती मान हलव. तीन वर्षं, रॉइस. तू बाहेर येशील तेव्हा मी कोणत्या तोंडानं तुझ्यासमोर उभी राहू? माझ्यासाठी गप्प बस.

तुझी,
ताई

काउंटी तुरुंग, हार्लन वेल्स
१ जुलै १९८४

प्रिय ताई,

आधी निकाल सांगतो, म्हणजे तुझा श्वास मोकळा होईल. तीन वर्षं नाहीत, तीन महिने. इथेच, काउंटीत. मग पुन्हा पॅरोल, त्याच अटी, आणि क्रॅमर हॉलच्या रस्त्यावरही दिसायचं नाही.

आता कसं झालं ते. छोटीशी खोली होती, पंखा करकरत होता. सुनावणी घेणारी अधिकारी बाई चष्म्यावरून बघणारी. अरेडोंडो जाऊन कुंपण बघून आले होते. ते म्हणाले, आज झाड बाहेर आहे, पण खांबांपाशी माती नवी दिसते. आधी कुठे होतं ते मी पाहिलेलं नाही. साक्षीदार सांगतील. एअरलीन उठली. चर्चचा पोशाख घालून आली होती, आणि तिनं उजवा हात वर केला तेव्हा तो थरथरत होता. दारावर शिक्के मारताना तो हात कधी हललेला मी पाहिला नाही.

तिनं शपथ घ्यायच्या आत मी उभा राहिलो. म्हटलं, बाई, तिला बसू द्या. झाड आत होतं. मी आत होतो. आणि मला ते ठाऊक होतं.

ताई, हे शेवटचं पुन्हा वाच. मला ठाऊक होतं. फाटकावरच पाटी आहे, बिअर घेऊन या फाटकाबाहेर जाऊ नये. अशा पाटीचा अर्थ काय ते मला कळणार नाही तर कुणाला कळणार? पहिल्याच रविवारी मी फाटकाबाहेर उभा राहिलो होतो. तिथून सगळं नीट ऐकू येतं, पण दिसत नाही. मंचाच्या आड ते झाड येतं. अर्धा तास उभा होतो. मग फाटक ढकललं आणि आत जाऊन बसलो. तुला लिहिताना बाहेर बसलो असं लिहिलं, कारण तुला तेवढंच पचलं असतं. तू फोन केलास तेव्हा तू माझंच खोटं साहेबांना जसंच्या तसं सांगितलंस. मला तू पकडून दिलं नाहीस. मी गेलो होतो, म्हणून पकडला गेलो.

सुनावणीच्या बाईनं विचारलं, हे माहीत असून का गेलात? मी सांगायचा प्रयत्न केला. नीट जमलं नाही. म्हटलं, बाई, आत आठ वर्षं मला सगळे बघत होते. मला कुणालातरी बघायचं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुष्कळ वेळ काही लिहिलं. अरेडोंडोंनी पेन्सिल खिशात ठेवली आणि ते माझ्या बाजूनं दोन वाक्यं बोलले. कामावर वेळेवर जातो, दारू पीत नाही. त्यावर तीन महिने झाले.

बाहेर आल्यावर एअरलीननं तोंड फिरवलं. म्हणाली, मी एवढी तयारी केली होती. मग रडली.

तू आता जेव. तू जेवत नाहीस हे डेलनं मला कळवलंय.

तुझा,
रॉइस

बेकर्सफील्ड
११ जुलै १९८४

प्रिय रॉइस,

मला ठाऊक होतं, हे तुझं वाक्य वाचून मी खुर्चीत बसले आणि मोठ्यानं हसले. डेल धावत आला. छातीवरचं जातं उतरलं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मग तासाभरानं भांडी घासता घासता असा राग आला की हातातलं ताट आपटलं. महिनाभर मी झोपले नाही. आईच्या फोटोकडे बघितलं नाही. आणि तू सगळं जाणून मला पत्रात गोड पाणी पाजत होतास.

तुझ्यावर रागावलेय आणि तू खरं बोललास म्हणून मान ताठ करून फिरतेय. दोन्ही एकदम चालू आहे, त्यामुळे काम होत नाही.

आता माझं ऐक. सप्टेंबरअखेर तू सुटशील तेव्हा मी बसनं येणार आहे. डेलनं परवानगी दिली, म्हणजे मी त्याला सांगितलं आणि तो गप्प बसला. पहिल्या रविवारी मी तुझ्या खोलीवर स्वयंपाक करीन. बीन्स आणि मक्याचा पाव. एअरलीनलाही बोलाव, तिचे हात मला बघायचेत. त्या दुपारी हॉलमध्ये बँड सुरू होईल. वारा तिकडून आला तर तुझ्या खिडकीत ऐकूही येईल. तू उठायचं नाहीस. माझ्यासमोर खुर्चीत बसून राहायचंस, बँड थांबेपर्यंत. एक दुपार. मला ते माझ्या डोळ्यांनी बघायचंय, नाहीतर परत बेकर्सफील्डला जाऊन प्रत्येक रविवारी मी तुला कुंपणाच्या आतच बघत राहीन.

जमेल का? खरं लिही. वचन दे.

तुझी,
ताई

काउंटी तुरुंग, हार्लन वेल्स
२० जुलै १९८४

प्रिय ताई,

वचन देत नाही. तुला दिलेली सगळी मोडली आहेत.

पण ये. आणि खुर्ची दाराला टेकवून, माझ्या वाटेत बस.

तुझा,
रॉइस